पावसातला मांडव आणि विजेची वायर

(उत्सवाच्या तयारीसाठी श्रावणात झालेल्या कार्यकर्त्यांच्या सभेत मंडळाच्या विद्युत समितीतर्फे केलेले भाषण. घरच्या गणपतीलाही उपयोग व्हावा म्हणून स्मरणिकेत छापत आहोत.)



आरास ठरली, नाटक ठरलं, प्रसादाच्या पाळ्या लागल्या. आता उरलाय तो विषय दर वर्षी सभेच्या शेवटी येतो आणि चहाचे कप वाजायला लागले की आटोपता घेतला जातो. या वर्षी आमच्या समितीनं अध्यक्षांकडे मुद्दाम अर्धा तास मागून घेतला आहे. विषय आहे वायरीचा. मांडवात, अंगणात, रस्त्यावर आपण जी नरम वायर ओढतो, तिचा आणि पावसाचा.

आपले गणपती भाद्रपदात येतात आणि इंदूरला भाद्रपद कोरडा जाईल याचा भरवसा कुणीच देत नाही. घरातली वायरिंग भिंतीत असते, कोरडी असते, एकदा केली की वर्षानुवर्षं जागची हलत नाही. मांडवातली वायर चार दिवसांत बांबूवर, लोखंडी पाइपांवर आणि पत्र्यावर चढते, दहा दिवस ऊन-पाऊस खाते, अकराव्या दिवशी ओढून काढली जाते आणि वर्षभर खोलीत गुंडाळून पडते. पुढल्या वर्षी तीच पुन्हा वर.

आता माणसांकडे बघा. मांडवात आपण चपला बाहेर काढून येतो. पाय ओले, खालची सतरंजी ओली. हातावर तीर्थ घेतलेलं, दूर्वा पाण्यातून काढलेल्या. लहान मुलं कमानीचा खांब धरून उभी. विजेचा धक्का लागायला जे जे अनुकूल, ते सगळं आपण भक्तिभावानं एका जागी आणतो. म्हणून बाजारातल्या दुकानात जी वायर खपून जाते, ती मांडवात खपत नाही.

धक्क्याचा हिशोब एकदा समजून घेऊ. आपल्याकडे वीज २३० व्होल्टची. अंगातून साधारण १० मिलिअँपिअर करंट गेला की हाताचे स्नायू असे आवळतात की धरलेली वस्तू सोडता येत नाही. ३० च्या पुढे श्वास घेणं कठीण होतं. ५० ते १०० च्या घरात हृदयाची लय बिघडू शकते. हे आकडे किती लहान आहेत पाहा. आपण ज्याला झिरोचा बल्ब म्हणतो तो जुना पिवळा बल्ब १५ वॅटचा, म्हणजे ६५ मिलिअँपिअर घेतो. रात्री पाळण्याजवळ लावायच्या दिव्याला लागते एवढीच वीज माणसाचा जीव घ्यायला पुरते. आणि ओल्या अंगाचा रोध हजार ओहमच्या आसपास धरला तर अंगातून जाणारा करंट २३० मिलिअँपिअर होतो.

पुष्कळांना वाटतं, बोर्डावर एमसीबी आहे, ती पडेल. पडणार नाही. सहा अँपिअरची एमसीबी सहाच्या वर करंट गेल्याशिवाय हलत नाही, आणि माणसाच्या अंगातून जाणारा करंट त्याच्या पंचविसाव्या हिश्शाएवढाही नसतो. एमसीबी वायर जळू नये म्हणून असते, फ्यूजही त्यासाठीच. माणसासाठी जी असते ती आरसीसीबी.

तिचं काम आपल्या खजिनदारांसारखं आहे. फेजमधून किती वीज गेली आणि न्यूट्रलमधून किती परत आली, एवढाच ती हिशोब ठेवते. दोन्ही आकडे जुळले तर ती गप्प. ३० मिलिअँपिअरचा फरक आला, म्हणजे वीज भलत्या वाटेनं, कदाचित कुणाच्या अंगातून जमिनीत जाते आहे, की ती सबंध लाइन तोडते. ३० च्या फरकाला जास्तीत जास्त ०.३ सेकंद, त्याच्या पाचपट फरक असेल तर ०.०४ सेकंद. मांडवासाठी ३० मिलिअँपिअरचीच घ्यायची. १०० किंवा ३०० च्याही मिळतात, त्या आगीपासून बचावासाठी असतात, माणसासाठी नाहीत. आणि तिच्या जोडीला एमसीबी हवीच, कारण जादा भाराचं आरसीसीबीला कळत नाही.

दर वर्षी एक प्रश्न येतो: अर्थिंग केलेलं आहे, मग हा खर्च कशाला? मांडवाजवळ ठोकलेल्या सळईचा रोध सहज १०० ओहम असू शकतो. खांबात फेज उतरला तरी त्या सळईतून जेमतेम २.३ अँपिअर जमिनीत जाईल. एमसीबी बसून राहील आणि खांब जिवंत राहील. आरसीसीबी मात्र तेवढ्यावर तत्काळ पडेल. उलटही खरं आहे. आरसीसीबी असेल आणि अर्थिंग नसेल, तर ती पडेल, पण कुणीतरी खांबाला हात लावल्यावर, त्याच्याच अंगातून वीज गेल्यावर. दोन्ही असतील तर खांबात वीज उतरताक्षणी ती पडते, माणूस जवळ यायच्या आधी. म्हणून आम्ही दोन्ही मागतो. कमानी, पत्रे, पाइपांचा सांगाडा, सगळं लोखंड एकमेकांना आणि अर्थला जोडलेलं हवं. अर्थसाठी नळाचा पाइप वापरायचा नाही.

मागच्या उत्सवातली एक गोष्ट इथं बसलेल्या अनेकांच्या समोर घडली. संध्याकाळची आरती सुरू होती, जोराची सर आली आणि मांडव अंधारला. आरसीसीबी पडली होती. वर केली, पुन्हा पडली. दोनशे माणसं उभी, पाहुणे आलेले. चार बाजूंनी सूचना आल्या: डब्यात पाणी गेलं असेल, थोडा वेळ बायपास करा, आरती होऊन जाऊ द्या. बायपास करायला दोन मिनिटं लागली असती. समितीनं केलं नाही. आरती निरांजनाच्या आणि समईच्या उजेडात झाली. नंतर एकेक लाइन काढून शोध घेतला तेव्हा दिसलं की हॅलोजनची वायर लोखंडी कमानीला बाइंडिंगच्या तारेनं आवळून बांधलेली होती. वाऱ्यानं कमान हलत होती आणि ती तार वायरीचं आवरण कापत आत गेली होती. कोरड्या दिवसांत काही झालं नाही, पाऊस आला आणि वीज कमानीत उतरली. त्याच कमानीखाली मुलं रांगेत उभी असतात.

म्हणून आजच्या सगळ्या बोलण्यातली एक गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. आरसीसीबी पडली म्हणजे ती बिघडली असं समजू नका. तिनं काहीतरी पाहिलं आहे. कारण सापडेपर्यंत ती लाइन बंद राहील. बाप्पांची आरती वीज येण्याच्या कितीतरी आधीपासून होत आलेली आहे. अंधार झाला तर निरांजन आहे.

ती कधी कधी खरोखर विनाकारण पडल्यासारखी वाटते. बहुतेक वेळा त्याचं कारण असतं उसनं न्यूट्रल. फेज एका लाइनीतून घेतला आणि सोय म्हणून न्यूट्रल शेजारच्या लाइनीत जोडलं, की हिशोब जुळणारच नाही. हे वायरमनला सांगून सुधारून घ्यायचं. यंत्र काढून टाकणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

आता वायरीकडे येऊ. बाहेर, पावसात वापरायची वायर तीन पदरी हवी: फेज, न्यूट्रल आणि अर्थ. तिन्हींवर मिळून जाड आवरण हवं, शक्यतो रबरी. आयएसआयची खूण बघून घ्या. दोन पदर एकमेकांवर पिळलेली बारीक वायर बाहेर मुळीच नको. तिला अर्थ नाही, आणि तिचं एकेरी आवरण उन्हानं कडक होऊन तडकतं. बारीक तारांच्या मधल्या फटीतून पाणी वातीत तेल चढावं तसं आत ओढलं जातं, हे लक्षात ठेवा. वायरीचं एक टोक भिजलं की ओल हातभर आत जाऊ शकते.

भाराचा हिशोब सोपा आहे. वॅटला २३० नी भागायचं. हजार वॅटच्या एका हॅलोजनला साडेचार अँपिअरच्या आत लागतात. तसे तीन एका एक्स्टेंशनवर लावले की तेरा अँपिअर झाले. ती वायर ०.७५ चौरस मिलिमीटरची असेल तर गरम होऊन आवरण वितळेल. अशा भाराला २.५ ची घ्या. आणि रिळावरची वायर पूर्ण सोडून वापरा. गुंडाळी तशीच ठेवली तर आतली उष्णता बाहेर पडत नाही.

सांधा बाहेर नको. काळी टेप पहिल्या पावसापर्यंत टिकते, मग तिचा चिकटपणा जातो. सांधा टाळताच येत नसेल तर तो बंद डब्यात, जमिनीपासून उंच. सॉकेटमध्ये वायरीची उघडी टोकं घालून आगपेटीच्या काड्या खोचण्याचा प्रकार आपल्याकडे पूर्ण बंद. थ्री-पिनचा जाडा पाय बोर्डात बसत नाही म्हणून काढायचा नाही. तो लांब केलेला असतो तो मुद्दाम: लावताना अर्थ सगळ्यात आधी जोडला जातो आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटतो.

वायर बांधायला तार किंवा खिळा नको. प्लास्टिकची पट्टी किंवा सुती दोरी घ्या, आणि लोखंडावर टेकते तिथं मध्ये पाइपचा तुकडा घाला. वायर हात वर केला तरी पोहोचणार नाही इतक्या उंचीवरून न्या. सतरंजीखालून कधीही नाही. वरून पावलं पडतात, खालून ओल येते आणि वायर फाटलेली कुणाला दिसत नाही. बोर्डात किंवा दिव्यात शिरण्याआधी वायरीला खाली एक झोळ द्या, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी गळून पडतं, आत जात नाही. एवढ्या साध्या गोष्टीनं निम्मे बोर्ड वाचतात.

बोर्ड पत्र्याखाली, छातीच्या उंचीवर, कोरड्या लाकडी फळीवर असावा. आपली आवडती युक्ती म्हणजे बोर्डाला पन्नी गुंडाळणं. त्यानं आत वाफ धरते, आणि पन्नीचं तोंड वर राहिलं तर पाणी साठून बोर्ड त्यातच बुडतो. बाहेरच्या सामानावर आयपी हा आकडा पाहून घ्या. त्यातला पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. ४४ म्हणजे शिंतोडे सहन करील, ६५ म्हणजे पाण्याची धार, ६७ म्हणजे थोडा वेळ बुडालं तरी चालेल. पण त्या डब्याला आपण जादा भोक पाडलं की तो आकडा फक्त कागदावर उरतो.

रंगांबद्दल एक इशारा. मोठ्या मांडवाला आपण तीन फेजचं अस्थायी कनेक्शन घेतो. त्या जुन्या पद्धतीत लाल, पिवळा आणि निळा हे तिन्ही फेज आणि काळा न्यूट्रल. नरम वायरीत मात्र तपकिरी फेज, निळा न्यूट्रल, हिरवा-पिवळा अर्थ. म्हणजे एकीकडे निळा जिवंत आणि दुसरीकडे निळा न्यूट्रल. रंगाला रंग जुळवणाऱ्या उत्साही कार्यकर्त्याचा घात इथं होतो. जोडणी परवाना असलेल्या वायरमननंच करायची, आपण फक्त निरीक्षण करायचं. आणि खांबावर आकडा टाकणं विसरा. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १३५ नुसार ती चोरी आहेच, शिवाय त्या लाइनीवर कुठलंच संरक्षण नसतं.

दिव्यांच्या माळांबद्दल एक गैरसमज आहे की त्या बारीक दिव्यांत वीज ती किती असणार. माळेतला एकेक दिवा तीन व्होल्टचा असला तरी सबंध माळ २३० व्होल्टवर चाललेली असते. दिवा तुटला तर त्या उघड्या टोकावर पूर्ण २३० मिळू शकतात. मुलांच्या हाताशी येतील तिथं १२ किंवा २४ व्होल्टच्या माळा लावा आणि त्यांचा अडॅप्टर कोरड्या जागी ठेवा. आराशीत कारंजं किंवा धबधबा असेल तर त्याच्या पंपाची गोष्ट वेगळी नाही. कूलरचा पंप आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. पाण्यात हात घालण्याआधी त्याचा प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. बटण चुकून न्यूट्रलवर बसलेलं असलं तर पंप थांबतो, पण फेज पाण्यात तसाच असतो.

जनरेटरवर एक फसवी जागा आहे. ज्या जनरेटरचं न्यूट्रल अर्थला जोडलेलं नाही, त्यावर माणसाला धक्का लागला तरी आरसीसीबी पडेलच असं नाही. आणि तिचं टेस्टचं बटण दाबलं तर मात्र ती पडते, कारण ते बटण फेज आणि न्यूट्रल यांच्यातच चालतं. म्हणजे परीक्षेत पास आणि प्रसंगी नापास. तेव्हा भाड्याचा जनरेटर आला की न्यूट्रल, त्याची बॉडी आणि सगळ्या लाइनींचा अर्थ एकत्र जोडला आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्यायचं.

अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदुरात काय असतं ते बाहेरगावच्यांना सांगावं लागतं, आपल्याला नाही. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली, पण गिरण्यांच्या झांक्या निघतच राहिल्या. दिव्यांनी लखलखणारी चाकावरची चित्रं रात्रभर शहरातून फिरतात आणि माणसं छत्र्या घेऊन पाहत उभी राहतात. आपली मिरवणूक त्यापुढे लहान, पण धोका तोच: ट्रॉली, जनरेटर, ओल्या वायरी आणि वर तारा. ट्रॉलीवर बसून बांबूनं तारा उचलणारा मुलगा आपण सगळ्यांनी पाहिला आहे. ओल्या बांबूतून वीज वाहते. आणि वरची लाइन ११ हजार व्होल्टची असेल तर तिला स्पर्श करण्याचीही गरज नाही, पुरेसं जवळ गेलं तरी झेप घेते. म्हणून मूर्तीसह ट्रॉलीची उंची आधी मोजायची, मार्ग दिवसा फिरून पाहायचा, अडचण असेल तिथं वीज कंपनीला आधी कळवायचं. बांबू घेऊन वर कुणी चढणार नाही.

घरच्या गणपतीबद्दल थोडक्यात. आपल्यातली बरीच कुटुंबं अजून जुन्या वाड्यांत राहतात. तिथल्या वायरिंगला अनेकदा अर्थच नसतो. गॅलरीत, तुळशीजवळ माळ लावण्याआधी एकदा वायरमनला दाखवा आणि मेनवर आरसीसीबी बसवून घ्या. बसवलेली असेल तर महिन्यातून एकदा टेस्टचं बटण दाबा. वर्षानुवर्षं न हललेली यंत्रं आयत्या वेळी अडकतात.

इतकं करूनही कुणाला धक्का बसलाच, तर त्याला धरायला धावू नका. धरणारा दुसरा बळी होतो. आधी मेन बंद. मेन हाती नसेल तर कोरड्या प्लास्टिकच्या खुर्चीनं वायर किंवा माणूस बाजूला ढकला. मांडवातला बांबू उचलू नका, तो ओला असतो. वरची मोठी लाइन तुटून पडली असेल तर दहा मीटर तरी लांब राहा आणि १९१२ वर कळवा. माणूस सुटल्यावर श्वास चालत नसेल तर लगेच छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी दाबायला लागा: मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसाची छाती पाच सेंटिमीटर तरी खाली जाईल असं. दुसऱ्यानं १०८ लावायचा. मदत येईपर्यंत थांबायचं नाही. आणि धक्का बसलेला माणूस उठून बसला, हसला, तरी त्याला इस्पितळात न्यायचंच. हृदयाची लय नंतरही बिघडू शकते.

शेवटी सभेसमोर आमच्या समितीचे तीन ठराव आहेत. पहिला, मांडवाच्या प्रत्येक लाइनीवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी आणि अर्थिंग असेल, आणि परवानाधारक वायरमननं तपासून सही केल्याशिवाय मूर्ती मांडवात आणायची नाही. दुसरा, पडलेली आरसीसीबी कारण सापडेपर्यंत कुणीही बायपास करणार नाही, मग समोर पाहुणे कुणीही असोत. तिसरा, मेन स्विच कुठे आहे हे मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असेल, आणि काही वावगं दिसलं तर तो बंद करायचा अधिकार मांडवातल्या प्रत्येकाला असेल, दहा वर्षांच्या मुलालासुद्धा. त्यानं उगाच बंद केला असं नंतर कळलं तरी त्याला कुणी रागवायचं नाही. पाच मिनिटांचा अंधार आपल्याला परवडतो.

खर्चाचा अंदाज खजिनदारांकडे दिलेला आहे. रोषणाईची एक कमान कमी केली तर तो सहज निघतो. ती कमान कुठली कमी करायची ते आरास समितीनं ठरवावं, आमचं काही म्हणणं नाही.

गणपती बाप्पा मोरया!